गेथशेमाने बागेतला प्रश्न

आमच्या मंडळीत दृढीकरणाचा वर्ग उन्हाळ्यात भरतो. दहावीची परीक्षा संपलेली असते, वसतिगृहातली मुलं घरी आलेली असतात. रविवारची उपासना आटोपली की चर्चला लागून असलेल्या खोलीत ती वह्या घेऊन बसतात. तान्हेपणी आईबापांनी बाप्तिस्मा दिलेला असतो. आता तो विश्वास जाणतेपणी आपला म्हणायचा, मग बिशपसाहेब डोक्यावर हात ठेवतात आणि मूल पहिल्यांदा प्रभुभोजनाला येतं. नगर जिल्ह्यातल्या वेगवेगळ्या मंडळ्यांत पाळक म्हणून काम करताना हा वर्ग मी कधी दुसऱ्यावर सोपवला नाही. दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, संस्कारांचा अर्थ हे धडे मुलं सहज घेतात. अडतं ते त्रैक्यापाशी. देव एक आहे. पिता देव, पुत्र देव, पवित्र आत्मा देव. तरी देव तीन नाहीत. हे आपण उपासनेत उभं राहून म्हणतो, बाप्तिस्म्याला म्हणतो, मातीच्या वेळी म्हणतो. कोणी अर्थ विचारला की मात्र मोठी माणसंही पाळकाकडे बोट दाखवतात.

शब्बाथ शाळेत या प्रश्नाला एक ठरलेलं उत्तर देतात. पाणी, बर्फ आणि वाफ. पदार्थ एक, रूपं तीन. मुलांना ते लगेच पटतं, कारण विज्ञानाच्या पुस्तकात ते वाचलेलं असतं. एका उन्हाळ्यात वर्गातल्या एका मुलीने शब्बाथ शाळेपासून जपलेली वही आणली होती. तीत तीन भांडी काढलेली, वाफेच्या भांड्यावर पेन्सिलीची वेटोळी, आणि खाली पिता, पुत्र, पवित्र आत्मा अशी नावं. वही पुढे करून तिने विचारलं, "पाळकसाहेब, येशू गेथशेमाने बागेत प्रार्थना करत होता ना, ती कोणाला? स्वतःलाच?"

दोघं-तिघं हसले. ती हसली नाही. बर्फ पाण्याशी बोलत नाही, एवढंच तिचं म्हणणं होतं.

तिसऱ्या शतकाच्या आरंभी रोममध्ये साबेलियस नावाचा एक शिक्षक होता. देव एकच, तो कधी पिता म्हणून, कधी पुत्र म्हणून, कधी आत्मा म्हणून प्रकट होतो, अशी त्याची शिकवण. मंडळीने ती नाकारली, आणि नाकारण्याचं कारण नेमकं त्या मुलीच्या प्रश्नात आहे. शुभवर्तमानांतला येशू प्रार्थना करतो. यार्देनेच्या पाण्यातून वर येताना त्याला पित्याची वाणी ऐकू येते आणि आत्मा त्याच्यावर उतरतो. बागेत तो गुडघे टेकतो, 'अब्बा' अशी हाक मारतो, समोरचा प्याला टळावा म्हणून विनवतो आणि शेवटी पित्याच्या इच्छेला मान देतो. इथे मागणारा एक आहे आणि ऐकणारा दुसरा आहे. एकाच नटाने तीन मुखवटे आलटून पालटून घातले असतील, तर ती सगळी रात्र खोटी ठरते. मुलांना मी त्या दिवशी दुसरं काही शिकवलं नाही. मार्क आणि लूक यांतले ते उतारे काढायला लावले आणि प्रत्येक वाक्यात कोण कोणाशी बोलतं ते समासात लिहायला सांगितलं.

पण मुलं हुशार असतात. समास भरून झाल्यावर मागून एकाने विचारलं, "मग दोन देव झाले की."

इथून आरियसची गोष्ट सुरू होते. चौथ्या शतकात तो इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात वडील म्हणून सेवा करत होता. दोन देव होऊ नयेत म्हणून त्याने सरळ तोड काढली. देव एकच, तो पिता. पुत्र हा त्याची पहिली आणि सर्वश्रेष्ठ निर्मिती. सगळ्या सृष्टीच्या वर, पण शेवटी निर्मितीच. ऐकायला हे सोपं वाटतं आणि देवाचा मान राखणारंही वाटतं. आरियसने आपलं म्हणणं पद्यात रचलं होतं आणि ते लोकांच्या तोंडी खेळत होतं. वाद इतका वाढला की सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२५ साली निकिया इथे बिशपांची परिषद भरवली. ते गाव म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं इझनिक. पुत्र आणि पिता यांचं सत्त्व एकच आहे, पुत्र निर्माण केलेला नाही, असं परिषदेने ठरवलं. या निर्णयाला २०२५ मध्ये सतराशे वर्षं झाली.

ठरवलं, पण मिटलं नाही. पुढची पन्नासहून अधिक वर्षं राजदरबार कधी या बाजूला झुकायचा, कधी त्या. अलेक्झांड्रियाचे बिशप अथनेशियस यांनी निकियाची बाजू सोडली नाही, म्हणून त्यांना पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं. कॉन्स्टँटिनोपलमध्ये काय चाललं होतं याचं वर्णन निस्साचे ग्रेगरी यांनी केलं आहे. सुटे पैसे मागावेत तर दुकानदार पुत्राच्या उत्पत्तीवर प्रवचन देतो, पावाचा भाव विचारावा तर पिता मोठा आणि पुत्र लहान असं ऐकावं लागतं. हा भाग सांगितला की वर्गात हशा होतो. मला मात्र त्या दुकानदारांबद्दल आदर वाटतो. देव कसा आहे हा प्रश्न त्यांनी विद्वानांवर सोडून दिला नाही, तराजूपाशी उभं राहून त्यावर वाद घातला.

अथनेशियस इतके हट्टाला का पेटले, हे पुस्तकातून मला कळलं होतं. पटलं ते कामातून.

ऊसतोडीच्या हंगामात आमच्या भागातल्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या रात्रंदिवस चालतात. अशाच एका हंगामात एका घरातला तरुण मुलगा मोटारसायकलवरून येताना अंधारात उभ्या ट्रॉलीवर आदळला. रात्री मला फोन आला. दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टरांचं सांगून झालं होतं. आई आणि मावश्या आत होत्या. बाप बाहेर बाकड्यावर बसला होता. त्याच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत मुलाचं पाकीट, मोबाईल आणि एक चप्पल होती. दुसरी सापडली नव्हती आणि तो सारखं तेच सांगत होता, दुसरी सापडली नाही. मी शेजारी बसलो. बऱ्याच वेळाने त्याने माझ्याकडे न बघता विचारलं, "पाळकसाहेब, देवाला काय कळणार हो पोर गेलेलं?"

अशा वेळी पाळकाने फार बोलू नये. पण त्याने विचारलं होतं, आणि विचारणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. मी म्हणालो, "कळतं. त्याचंही गेलं होतं."

एवढंच म्हणालो. त्याने मान हलवली की नाही, मला आठवत नाही. पहाटे परत येताना मात्र मी माझंच वाक्य तपासत होतो. ते म्हणण्याचा मला अधिकार कोणी दिला? आरियस बरोबर असेल तर ते वाक्य खोटं आहे. मग वधस्तंभावर देवाने दुसऱ्या कोणाला तरी पाठवलं, एका निर्मितीला, आणि स्वतः वर राहिला. साबेलियस बरोबर असेल तरी ते खोटं आहे, कारण मग ज्याचं पोर गेलं असा पिताच तिथे नाही. पुत्र खरोखर देव असेल आणि पिता खरोखर दुसरा असेल, तरच त्या बाकड्यावर बसून ते म्हणता येतं. अथनेशियस यांचा सगळा आग्रह याच ठिकाणी येऊन ठेपतो. आपल्याकडे कोण आलं होतं? देव स्वतः आला, की त्याने माणूस पाठवला? निर्मितीतला कितीही थोर प्रतिनिधी निर्मितीला देवाशी जोडू शकत नाही; ते देवालाच करावं लागतं.

देवाला दुःख होतं असं म्हणावं का, यावर धर्मशास्त्रात मोठा मतभेद आहे, आणि जुन्या आचार्यांनी इथे फार जपून पावलं टाकली आहेत. पुत्र दुःख भोगतो ते त्याने धारण केलेल्या मानवी देहात, असं ते सांगत. जर्मन धर्मशास्त्रज्ञ युर्गन मोल्टमान यांनी १९७२ साली वधस्तंभावरच्या देवाविषयी पुस्तक लिहिलं, त्यात ते पुढे गेले. पुत्र मरण सोसतो आणि पिता पुत्राचं मरण सोसतो, दोघांचं दुःख वेगवेगळं आहे, अशी त्यांची मांडणी. दुसऱ्या महायुद्धात तरुण वयात सैनिक आणि मग युद्धकैदी म्हणून राहिलेल्या माणसाने हे लिहिलं आहे. त्यांच्यावरचे आक्षेप मला माहीत आहेत आणि काही रास्तही वाटतात. तरी त्या बाकड्यापाशी मी त्यांच्या बाजूचा आहे.

गावात राहणाऱ्या पाळकाला हा विषय मंडळीबाहेरही भेटतो. आमच्या भागात नेवाशाजवळ देवगडला दत्ताचं मोठं स्थान आहे. दत्तजयंतीला सगळा परिसर तिकडे लोटतो. शेजारपाजारचे लोक मला अगदी आपलेपणाने म्हणतात, "म्हणजे तुमचं ब्रह्मा-विष्णू-महेशासारखंच की." जवळीक साधायला ते बोलतात, म्हणून मी तिथल्या तिथे खंडन करत बसत नाही. चहा होऊ देतो. मग कोणाला खरंच ऐकायचं असेल तर फरक सांगतो. एक घडवतो, एक सांभाळतो, एक लय करतो, अशी कामाची वाटणी आमच्या त्रैक्यात नाही. हाच मुद्दा ग्रेगरी यांनी अब्लाबियस नावाच्या माणसाला लिहिलेल्या पत्रात मांडला आहे. पेत्र, याकोब, योहान ही तीन माणसं. मग पिता, पुत्र, आत्मा हे तीन देव का नाहीत, असं त्याने विचारलं होतं. ग्रेगरी म्हणतात, तीन माणसं तीन कामं करतात. देवाच्या बाबतीत प्रत्येक काम पित्यापासून निघतं, पुत्राच्या द्वारे पुढे जातं आणि आत्म्यात पूर्ण होतं, आणि ते काम एकच असतं. निर्मिती तिघांची, तारण तिघांचं. "मग दोन देव झाले की" म्हणणाऱ्या त्या मुलाला मी पुढच्या रविवारी हेच उत्तर दिलं. पुरेपूर पटलं असेल असं मी म्हणणार नाही, पण त्याने ते वहीत उतरवून घेतलं.

आपल्या देशात वेदांताच्या वाटेनेही हे समजून घ्यायचा प्रयत्न झाला. केशवचंद्र सेन यांनी १८८२ साली कलकत्त्यात व्याख्यान देऊन सत्, चित्, आनंद यांची पिता, पुत्र, आत्मा यांच्याशी सांगड घातली. ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी १८९८ मध्ये सच्चिदानंदाला वंदन करणारं संस्कृत स्तोत्र लिहिलं. तमिळनाडूत कावेरीकाठी १९५० साली दोन फ्रेंच कॅथलिक धर्मगुरूंनी सच्चिदानंद आश्रम काढला, तोही याच ओढीने. हे मी आदराने वाचतो. पण आमच्या मंडळ्यांतली घरं वेदांतातून आली नाहीत. ती गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून आली, आणि त्यांना देवाशी बोलण्याची भाषा दिली ती नारायण वामन टिळकांच्या भजनांनी. टिळक ख्रिस्ताला आई म्हणतात, गुरू म्हणतात, त्याच्याशी भांडतात. सच्चिदानंदात मला गेथशेमाने बाग दिसत नाही. टिळकांच्या भजनांत दिसते.

हा विषय महाराष्ट्रात सगळ्यांत प्रामाणिकपणे कोणी झगडून पाहिला असेल, तर तो पंडिता रमाबाईंनी. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथल्या भगिनींच्या मठात राहत असताना त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकायला आणि संस्कृत शिकवायला गेल्या. या काळातला त्यांचा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केला. तो मी पुन्हा पुन्हा वाचतो. बाप्तिस्मा झालेला, आश्रय देणाऱ्या भगिनी पाठीशी, आणि ही पंचविशी ओलांडलेली विधवा, पदरात लहान मुलगी, त्यांना लिहून कळवते की त्रैक्याची शिकवण तुम्ही सांगता तशी मला मान्य नाही. अथनेशियस यांच्या नावाने चालणारा मोठा विश्वासांगीकार त्यांना खुपला. तो मुळात अथनेशियस यांचा नाहीच, नंतर लॅटिनमध्ये रचला गेला. चर्च ऑफ इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकानुसार तो वर्षातून तेरा दिवस म्हणायचा असे, आणि जो हे मानणार नाही त्याचा नाश होईल असं त्यात स्पष्ट सांगितलं आहे. रमाबाईंचा पिंड अशा धमकीपुढे वाकणारा नव्हता. शास्त्र्यांच्या अधिकारातून सुटून आलेली बाई दुसऱ्या शास्त्र्यांच्या अधिकाराखाली का जाईल?

मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांना त्यात अहंकार दिसला. कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांना तसं वाटलं नाही. त्यांनी लांबलचक पत्रं लिहिली, शंकेला शंका म्हणून वागवलं, तत्त्वज्ञानाच्या भाषेत बोलल्या आणि घाई केली नाही. पाळकाचं काम मला त्या पत्रांनी शिकवलं. माझ्या वर्गात कोणी म्हणालं की मला हे पटत नाही, तर मी त्याचं दृढीकरण लांबवतो, पण त्याला वर्गातून उठवत नाही. असे दोघं-तिघं आजही मंडळीत आहेत, आणि चर्चच्या कामात इतरांपेक्षा पुढे आहेत.

रमाबाईंचं पुढे काय झालं हे सर्वांना माहीत आहे. शारदा सदन, मग केडगावचं मुक्ती सदन, दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली. ज्या बाईने ख्रिस्ताच्या देवत्वाविषयी शंका घेतल्या, तिनेच नंतर आपलं सगळं आयुष्य त्याच्या पायी ठेवलं आणि अखेरच्या वर्षांत मूळ भाषांवरून मराठी बायबल सिद्ध केलं. १९०५ साली मुक्तीत पवित्र आत्म्याचं जे जागरण झालं, त्याची चर्चा जगभर झाली. मुली तासन्‌तास प्रार्थना करत, रडत, मोठ्याने देवाला हाका मारत. रमाबाई त्यांच्यात बसत. इंग्लंडमध्ये त्यांना त्रैक्य समजावण्याचा एवढा खटाटोप झाला, पण तिसऱ्याविषयी कोणी त्यांच्याशी फारसं बोललं असेल असं पत्रं वाचताना वाटत नाही. तो त्यांना केडगावला भेटला.

आमच्याकडेही ही उणीव आहे. पित्याविषयी आणि पुत्राविषयी आम्ही भरपूर उपदेश करतो, आत्म्याविषयी पेन्टेकॉस्टच्या रविवारी एक. तरुण मुलं मग नव्या प्रार्थना-सहवासांत जातात, आणि जुनी मंडळी कपाळाला आठ्या घालते. मला त्या मुलांचा राग येत नाही. चौथ्या शतकातही हेच घडलं होतं. पुत्राचं देवत्व मान्य केलेले कित्येक लोक आत्म्यापाशी येऊन थांबले. आत्मा हा वरिष्ठ देवदूतासारखा सेवक असावा, असं त्यांना वाटे. अथनेशियस यांनी त्यावर सेरापियन नावाच्या बिशपांना पत्रं लिहिली. त्यांचा युक्तिवाद पाळकाचा आहे. जो आपल्याला पवित्र करतो, देवाशी जोडतो, त्याला स्वतःला पवित्र होण्याची गरज असेल तर तो हे कसं करील? ज्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो तो देव नसेल, तर आपण मुलाला कोणाच्या हाती देतो? कैसरियाचे बेसिल यांच्यावर तर उपासनेत पित्याबरोबर आत्म्यालाही गौरव दिला म्हणून लोकांनी आक्षेप घेतला. आत्म्याविषयीचं त्यांचं पुस्तक त्या आक्षेपाला उत्तर म्हणून लिहिलं गेलं. ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने पिता आणि पुत्र यांच्याबरोबर आत्म्याचीही आराधना करायची, असं विश्वासांगीकारात घातलं. आधी लोक तशी प्रार्थना करत होते. सिद्धांत मागून आला आणि त्या प्रार्थनेची राखण करू लागला.

म्हणून अलीकडे मी त्रैक्याचा धडा फळ्यापासून सुरू करत नाही. मुलांना उपासनेचं पुस्तक देतो आणि प्रत्येक प्रार्थना कोणाला उद्देशून आहे, कोणाच्या द्वारे आहे, ते शोधायला लावतो. त्यांच्या लवकरच लक्षात येतं की बहुतेक प्रार्थना पित्याला आहेत, पुत्राच्या द्वारे, आत्म्याच्या साहाय्याने. प्रभुभोजनात भाकर आणि द्राक्षारसावर आत्मा यावा म्हणून मागितलं जातं, ही गोष्ट मोठ्यांनीही कधी ध्यानात घेतलेली नसते. मी त्यांना रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा आठवा अध्यायही वाचायला देतो. आपल्याला काय मागावं हेच कळत नाही तेव्हा आत्मा आपल्यातून शब्दांवाचून कण्हतो, असं पौल तिथे सांगतो. त्या रात्री दवाखान्यात बापाच्या शेजारी मी बराच वेळ गप्प बसलो होतो, तेव्हा तिथे प्रार्थना चालू नव्हती असं मी मानत नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका मुलाने पुस्तक चाळता चाळता विचारलं, "पाळकसाहेब, थेट आत्म्याला प्रार्थना केली तर चालेल का?" मी म्हणालो, चालेल. नवव्या शतकातलं एक लॅटिन स्तोत्र आहे, निर्माणकर्त्या आत्म्याला ये म्हणून बोलावणारं. पाळकपदाच्या दीक्षाविधीत ते गातात, आणि माझ्या दीक्षेच्या वेळी मी गुडघे टेकले असताना मंडळीने ते गायलं होतं. मुलाने विचारलं, "मराठीत?" मी हो म्हणालो, आणि पुढच्या रविवारी त्याची चाल शिकवायचं ठरलं.